ग्रीनपासून टीकडे

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. भुशीत आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. कोरोनाच्या निर्बंधांमुळे धरणाकडे नेहमीची झुंबड नव्हती, त्यामुळे भज्यांच्या टपऱ्याही मिटलेल्या. शाळा बंद असल्याने माझ्यासारख्या पी.टी.च्या बाईला काही कामच नव्हतं. पहाटेपासून मी मोबाइल खिडकीला टेकवून गोल्फ बघत बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा. टोकियो ऑलिंपिकची शेवटची फेरी चालू होती आणि बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या टप्प्यात होती. अर्ध्या भारताने त्या दिवशी पहिल्यांदा गोल्फ पाहिलं असावं. मला तर कमी फटक्यांत चेंडू भोकात घालणारा जिंकतो, यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

आई चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ग्रीनवर आलीया. आता बेतानं मारंल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग आठवलं. आईने आयुष्याची पाच-सहा वर्षं एका गोल्फ कोर्सवर काढली होती. घाटमाथ्यावरच्या एका खासगी कोर्सवर ती रोजंदारीने गवत वेचायला जायची. सकाळी टेम्पो यायचा, आसपासच्या वाड्यांमधल्या दहा-बारा बायका चढायच्या, संध्याकाळी परत. गोल्फमध्ये भोकाभोवती जो अगदी बारीक कापलेला, गालिच्यासारखा तुकडा असतो, त्याला 'ग्रीन' म्हणतात. तिथलं गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीचं राखतात. आईच्या सांगण्यानुसार त्यावर त्या बायका अनवाणी जायच्या. खुरपं चालायचं नाही, जमिनीला खड्डा पडतो. लव्हाळा दिसला की बोटांनीच, मुळाशी धरून, अलगद काढायचा.

गंमत अशी, की तिथे हौसेने लावलेलं 'बर्म्युडा' गवत म्हणजे आपली हरळी. शेतात ती दिसली की आजोबा शिव्या घालायचे, नांगराला आणि कुदळीला पुरून उरते म्हणून. गणपतीत तीच दूर्वा होऊन देव्हाऱ्यात जाते. आणि गोल्फ कोर्सवर तीच हरळी जपायची म्हणून आई लव्हाळा आणि केना उपटायची. एवढ्या वर्षांत काठी मात्र तिने एकदाही हातात धरली नाही. कोणी धरू दिली नसती अशी तिची तक्रार नाही. "आपलं काय काम?" एवढंच म्हणते.

मधेच टोकियोत वादळामुळे खेळ थांबला. आमच्याकडेही लाइट गेली. शेवटी निकाल आला तेव्हा अदिती चौथी होती. अमेरिकेच्या नेली कोर्डाला सुवर्ण. जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को यांच्यापेक्षा अदितीचा एकच फटका जास्त झाला होता. चार दिवस, बहात्तर होल, आणि एक फटका. संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं आणि देश गोल्फ विसरला.

आई विसरली नाही. अदितीची पिशवी घेऊन तिच्यामागे चालणारी बाई तिची आई आहे, हे मी सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं. मग तिने विचारलं, "हिला शिकिवलं कुनी गं?"

मी शोधलं. स्टीव्हन जुलियानो हे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाचं नाव सापडलं. आईने मान हलवली. "बाप्याच. बाया न्हाईत का शिकवत ह्यो खेळ?"

हा प्रश्न तिने सहज विचारला. मला तो सहज घेता आला नाही. त्याला कारण आहे.

मी खो-खो खेळायचे. जिल्ह्याच्या संघात होते. राज्याच्या निवड चाचणीत गुडघा गेला आणि खेळणं संपलं. मग बी.पी.एड. केलं आणि शाळेत लागले. "खेळता आलं नाही म्हणून शिकवते" हे वाक्य मी माझ्याबद्दल इतक्यांदा ऐकलंय, की काही वर्षांनी ते मीच बोलू लागले. एका शाळेत दहावीच्या वर्गाचा माझा तास वर्षभर गणिताला दिला जायचा आणि मी त्या वेळात स्टाफरूममध्ये वह्यांना कव्हरं घालायचे. खेळाडू म्हणजे खरं सोनं आणि शिक्षक म्हणजे मुलामा, अशी काहीतरी उतरंड माझ्याही डोक्यात पक्की होती. त्या बंदीच्या महिन्यांत वेळ भरपूर होता, म्हणून आईच्या प्रश्नाचा माग काढत गेले. तेव्हा शर्ली स्पोर्क भेटल्या.

त्यांच्यापर्यंत येण्याआधी थोडं मागे जावं लागतं, कारण बाया या खेळात कुठून शिरल्या हे कळल्याशिवाय स्पोर्क यांचं मोठेपण नीट दिसत नाही.

स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं आळंदी-पंढरपूर. तिथे १८६७ साली बायकांचा एक क्लब निघाला. पण त्यांना अख्खा कोर्स नव्हता मिळाला. मिळाला तो उंचसखल गवताचा एक तुकडा, चेंडू जमिनीवरून हळूच भोकाकडे ढकलण्यापुरता. या ढकलण्याला 'पट' म्हणतात. त्या उंचवट्याखोलगटांमुळे जागेला नाव पडलं 'हिमालय', आणि आजही ते तसंच आहे. जिथून पहिला लांबचा, जोरदार फटका मारतात त्या जागेला 'टी' म्हणतात. तिथे बाईने उभं राहणं शोभणारं नव्हतं. १८९० साली निघालेल्या एका प्रसिद्ध इंग्रजी गोल्फ ग्रंथात लॉर्ड वेलवुड नावाच्या गृहस्थांनी लिहून ठेवलं, की बायकांचा फटका सत्तर-ऐंशी यार्डांपर्यंत असावा. त्यांच्यात जोर नाही म्हणून नव्हे, तर त्याहून लांब मारायचं तर काठी खांद्याच्या वर न्यावी लागते म्हणून. ताकदीबद्दल शंका नव्हती. हात किती वर गेला यावर पहारा होता.

बायकांनी पुढच्या तीनच वर्षांत, १८९३ साली, ब्रिटनमध्ये स्वतःची लेडीज गोल्फ युनियन काढली. लेडी मार्गारेट स्कॉट या तरुणीने पहिल्या तिन्ही वर्षी अजिंक्यपद मिळवलं. छायाचित्रांत तिची काठी खांद्याच्या चांगली वर, पाठीमागे गेलेली दिसते. पण हे सगळं हौशी गोल्फ होतं, घरची सुबत्ता असलेल्यांचं. या खेळावर पोट भरायचं, तेही बाईने, ही कल्पना रुजायला अजून अर्धं शतक लागलं. ते घडलं अमेरिकेत.

१९४४ साली, महायुद्ध चालू असताना, होप सिग्नियस, बेटी हिक्स आणि एलन ग्रिफिन या तिघींनी स्त्री व्यावसायिक गोल्फपटूंची पहिली संघटना काढली. यातल्या ग्रिफिन पेशाने शिक्षिका होत्या, उत्तर कॅरोलिनातल्या मुलींच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवायच्या. म्हणजे पहिल्याच पायरीवर एक पी.टी.ची बाई उभी होती. या संघटनेने १९४६ साली अमेरिकेची पहिली विमेन्स ओपन भरवली, पण पैशाअभावी काही वर्षांतच तिचा कारभार आटोपला. त्याच जागी १९५० साली नवी संघटना उभी राहिली, तीच आजची एलपीजीए. संस्थापक तेरा बायका होत्या. त्यांत मार्लिन बाउर सोळा वर्षांची होती आणि ओपल हिल अठ्ठावन्न वर्षांच्या. १९३२च्या ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांची दोन सुवर्णपदकं मिळवून मग गोल्फकडे वळलेल्या बेब झहारियस होत्या. पहिल्या अध्यक्ष पॅटी बर्ग होत्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं चालवलेल्या हेलन डेटवायलर होत्या. आणि तेवीस वर्षांच्या शर्ली स्पोर्क होत्या.

स्पोर्क यांचा जन्म १४ मे १९२७चा, डेट्रॉइटचा. घराला लागूनच गोल्फ कोर्स होता, पण तो त्यांच्यासाठी नव्हता. लोकांचे चेंडू ओढ्यात पडायचे. ही पोर ते शोधून काढायची आणि खेळणाऱ्यांनाच परत विकायची. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीतली पोरं आठवली. धरणावर येणाऱ्या पर्यटकांना कणसं विकतात ती. त्यांना पर्यटकांच्या सगळ्या सवयी पाठ असतात. कुंपणाबाहेरून बघणाऱ्याला आतलं फार बारकाईने दिसतं.

पुढे त्या मिशिगन स्टेट नॉर्मल कॉलेजात गेल्या. 'नॉर्मल कॉलेज' म्हणजे आपल्याकडचं अध्यापक विद्यालय. विषय शारीरिक शिक्षण. तिथे शिकत असतानाच १९४७ साली त्यांनी महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा जिंकली. ही स्पर्धाही एका शिक्षिकेनेच सुरू केलेली. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या ग्लॅडिस पामर यांनी १९४१ साली. धागा ओढावा तिथे एक बाई हातात शिट्टी घेऊन उभी दिसते.

त्या व्यावसायिक कशा झाल्या याचा किस्सा स्पोर्क म्हातारपणापर्यंत रंगवून सांगायच्या. १९५०च्या सुमारास व्यावसायिक होण्यासाठी ना परीक्षा होती ना प्रमाणपत्र. बेब झहारियस यांनी त्यांना सांगितलं, की व्हायचंय ना, मग झालीस, जाऊन पहिल्या टीवर सांग. आणि स्पोर्कबाई खरंच गेल्या आणि नावं पुकारणाऱ्या माणसाला म्हणाल्या, की मी व्यावसायिक आहे. त्याने तसं पुकारलं. झालं!

हसू येतं, पण त्यातच पुढचा सगळा पेच आहे. बाई स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेऊ शकत होती. पण त्या शब्दामागे आधार काय? पुरुषांची पीजीए ही संघटना १९१६पासून होती. क्लबात नोकरीला असलेला 'प्रो' म्हणजे शिकवणी घेणारा, काठ्यांचं दुकान चालवणारा, नियम सांगणारा माणूस. त्याला घडवायची, त्याच्या पाठीशी उभं राहायची व्यवस्था ती संघटना करायची. बायकांना त्या दारातून प्रवेश नव्हता.

आणि नुसतं खेळून भागत नव्हतं. पहिल्या वर्षी एलपीजीएच्या चौदा स्पर्धा झाल्या आणि सगळ्या मिळून बक्षिसाची रक्कम होती पन्नास हजार डॉलर. त्यातला मोठा वाटा बेब झहारियस यांच्यासारख्या दोन-चार जणी नेणार. उरलेल्यांनी पेट्रोल कुठून भरायचं? या बायका स्वतः मोटारी हाकत शहरामागून शहर गाठायच्या. स्पर्धेच्या आधी कोर्सवर खुणा स्वतःच करायच्या, नियमांचे निवाडे स्वतःच द्यायच्या, बक्षिसाचे धनादेश स्वतःच लिहायच्या. गावात पोचल्यावर लोक जमावेत म्हणून आधी प्रात्यक्षिकं करायच्या. त्या काळी काठ्या बनवणाऱ्या कंपन्यांशी करार असायचे. बर्गबाईंचा विल्सनशी होता, स्पोर्क यांचा गोल्फक्राफ्टशी. करारातला मुख्य भाग खेळणं नव्हे, तर गावोगाव फिरून लोकांना गोल्फ दाखवणं आणि शिकवणं हा होता. तमाशाचा फड चालवणाऱ्या मालकिणीला जसं नाचावंही लागतं, तंबूही ठोकावा लागतो आणि तिकिटंही फाडावी लागतात, तसंच ते. शिकवणं हे खेळ संपल्यावरचं काम नव्हतं. चूल त्यावर पेटायची, म्हणून खेळता यायचं.

स्पोर्क यांना हे कळलं होतं. म्हणूनच १९५९ साली त्यांनी मेरिलिन स्मिथ, बेटी हिक्स आणि बार्बरा रोटविग यांच्यासोबत एलपीजीएत शिक्षिकांचा वेगळा विभाग काढला. वरवर पाहता ही कार्यालयीन बाब. पण जरा विचार करा. टूरवर एका वेळी पन्नास-शंभर बायकांना जागा. त्यातही कमावणाऱ्या मोजक्या. मात्र शिकवण्याचं काम प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत, प्रत्येक क्लबात असू शकतं. ते काम करणाऱ्या बाईला आता संघटना मिळाली. प्रशिक्षण, पारख, श्रेणी मिळाली. पहिल्या टीवर जाऊन 'मी व्यावसायिक आहे' असं नुसतं सांगावं लागलेल्या मुलीने नऊ वर्षांनी अशी सोय केली, की पुढच्या मुलींना नुसतं सांगून भागवावं लागणार नाही.

त्या स्वतः कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटी मुलखात, टॅमरिस्क नावाच्या क्लबात शिकवत राहिल्या. एलपीजीएने १९५८पासून वर्षातल्या सर्वोत्तम शिक्षिकेचा पुरस्कार सुरू केला. पहिला हेलन डेटवायलर यांना मिळाला. १९५९चा स्पोर्क यांना. आणि मग पुन्हा स्पोर्क यांना, १९८४ साली. मधे पंचवीस वर्षं. मैदानावर पंचवीस वर्षांच्या अंतराने दोनदा सर्वोत्तम ठरलेला खेळाडू मला तरी माहीत नाही. गुडघे तेवढा काळ साथ देत नाहीत. शिकवण्यात ते शक्य आहे.

आणि खेळाडू म्हणून? एलपीजीए टूरवर त्यांनी एकही स्पर्धा जिंकली नाही. सगळ्यात जवळ पोचल्या १९६२ साली, एलपीजीए चॅम्पियनशिपमध्ये. तेव्हा जूडी किंबॉल पहिल्या आणि स्पोर्क दुसऱ्या आल्या. आपण ज्या तऱ्हेने इतिहास लिहितो, त्यात अशा माणसाला तळटीपही मिळत नाही. एलपीजीएच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये जागा मिळायची ती जिंकलेल्या स्पर्धांचे गुण मोजून. ज्यांनी ती संघटनाच काढली, त्यांतल्या निम्म्याजणी या मोजणीत बाहेर राहिल्या होत्या.

२०१७ साली, नव्वदाव्या वर्षी, स्पोर्क यांनी आठवणींचं पुस्तक काढलं. नाव 'फ्रॉम ग्रीन टू टी'. खेळ टीपासून सुरू होतो आणि ग्रीनवर संपतो. नावात तो उलटा आहे. कुणाला तो शब्दांचा खेळ वाटेल, मला त्या नावात शिक्षिका दिसली. लांब उडी शिकवताना मी मुलींना आधी धावायला लावत नाही. आधी वाळूत उतरायला शिकवते. जागच्या जागी उडी, दोन्ही पाय एकत्र, गुडघे वाकवून. मग तीन पावलं मागे नेते. मग सात. मग पूर्ण धाव. शेवटापासून सुरुवात केली की प्रत्येक पायरीला पोरीला पुढचं ठाऊक असतं, भीती राहत नाही. गोल्फ शिकवण्याचीही ही एक जुनी रीत आहे. आधी भोकाजवळचा हातभर पट, मग जरा लांबचा, मग उचलून मारायचा छोटा फटका, आणि असं मागे मागे सरकत एक दिवस टी.

आणि मग लक्षात आलं, की बायकांचा या खेळातला प्रवास असाच उलटा झाला आहे. १८६७ साली त्यांना फक्त ग्रीन मिळालं. मर्यादा म्हणून मिळालं. तिथून त्या एकेक पाऊल मागे सरकत, हात खांद्याच्या वर नेत, टीपर्यंत पोचल्या. प्रत्येक पावलाशी कुणीतरी कुणालातरी शिकवलं होतं. विजेत्यांची यादी वाचली तर हा रस्ता दिसत नाही. ग्रिफिन, पामर, स्पोर्क अशी शिक्षिकांची यादी वाचली की दिसतो.

या यादीत एक नाव आणखी आहे, त्याशिवाय गोष्ट अपुरी राहील. रेने पॉवेल. त्यांचे वडील विल्यम पॉवेल महायुद्धावरून परतले तेव्हा ओहायोतले गोल्फ कोर्स या कृष्णवर्णीय माणसाला आत घेत नव्हते. मग त्यांनी शेतजमीन घेऊन स्वतःच्या हाताने कोर्स बांधायला घेतला. त्याचं नाव क्लिअरव्ह्यू. तो १९४८ साली खुला झाला. पुरुषांच्या पीजीएने केवळ गोऱ्यांना सदस्यत्व देणारा नियम १९६१पर्यंत घटनेत ठेवला होता. रेने त्या क्लिअरव्ह्यूच्या गवतावर वाढल्या आणि १९६७ साली एलपीजीए टूरवर उतरल्या. अल्थिया गिब्सननंतरच्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडू. त्याही टूरवर जिंकल्या नाहीत. १९७९ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरमीअर क्लबात त्या मुख्य प्रो झाल्या, ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री मुख्य प्रो. पुढे वडिलांच्या कोर्सवर परतून शिकवत राहिल्या. सैन्यातून परतलेल्या बायकांसाठी त्यांनी तिथे विनामूल्य वर्ग चालवले. सेंट अँड्र्यूजच्या ज्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबाने २०१४पर्यंत बाईला सदस्य करून घेतलं नव्हतं, त्याने २०१५ साली ज्या पहिल्या काही स्त्रियांना मानद सदस्यत्व दिलं, त्यांत रेने पॉवेल होत्या. 'हिमालय' त्या क्लबहाउसपासून हाकेच्या अंतरावर आहे. एवढं अंतर कापायला बायकांना जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

आपल्याकडे गोल्फ फार लवकर आलं. कलकत्त्याचा क्लब १८२९चा, मुंबईचा १८४२चा. म्हणजे आमच्या धरणापेक्षाही जुना. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला रेल्वेने भुशीचं धरण बांधलं, तेही एकोणिसाव्या शतकातलंच, पण नंतरचं. गोऱ्या साहेबांनी आणलेल्या किती गोष्टी आपण आपल्याशा केल्या! क्रिकेट गल्लीत आलं, कारण त्याला फळकुटाचा तुकडा पुरतो. गोल्फ कुंपणातच राहिलं. एलपीजीए टूरवर खेळणारी पहिली भारतीय, कोलकात्याची स्मृती मेहरा, तिथे पोचायला १९९०चं दशक उजाडलं. भारतात बायकांची व्यावसायिक टूर उभी राहिली ती त्याच्याही नंतर. अदितीचा प्रवेशही तसा योगायोगाचाच. बंगळुरूत आईवडिलांसोबत खायला गेलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला समोर गोल्फचं सरावाचं मैदान दिसलं, तिथून सगळं सुरू झालं. ज्या मुलीच्या खिडकीतून असं मैदान दिसत नाही, तिचं काय? तिच्यापर्यंत खेळ न्यायचा तर तो शिक्षिकेनेच न्यावा लागतो. दुसरी वाट नाही.

एप्रिल २०२२मध्ये शाळा सुरू होत्या, उन्हाळा तापलेला होता. मी मधल्या सुट्टीत मोबाइल पाहिला तर स्पोर्क गेल्याची बातमी. १२ एप्रिलला, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन. त्याआधी जेमतेम दोन आठवडे एलपीजीएने नियम वाकवून उरलेल्या सगळ्या संस्थापकांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं होतं. त्यांतल्या बहुतेकजणी कधीच गेल्या होत्या. स्पोर्क यांना ते ऐकायला तरी मिळालं. मला त्या दिवशी राग आला की बरं वाटलं, मला अजून ठरवता येत नाही. पुढचा तास माझा होता. तो मी गणिताला दिला नाही.

त्या पावसाळ्याआधी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक पटर आणला. पट करायची काठी. दांडा जरा वाकलेला, मुठीचं रबर फाटलेलं. गोल्फचे चेंडू दोन मिळाले. शाळेच्या मागे एक तुकडा आहे, तिथे हरळी माजलेली असते. मुलींना घेऊन ती विळ्याने जमेल तितकी बारीक कापली आणि रिकामा डबा जमिनीत पुरून भोक केलं. ग्रीनपासून सुरुवात. बाकी कोर्स आमच्याकडे नव्हताच.

चेंडू काही डब्यात जाईना. मी सरळ मारला तरी तो डावीकडे जायचा. सहावीतल्या पोरी हसून लोटपोट. एकदा आई मला डबा द्यायला शाळेत आली होती. ती कडेला उभी राहून बघत होती. मग चपला काढून आत आली, पायाने गवत चाचपलं, खाली बसून त्यावरून तळवा फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"गवात हिकडं निजलंया," ती म्हणाली. "आन पानी तिकडं जातंया. वाइच उजवीकडनं मार."

नंतर वाचताना कळलं, की बर्म्युडा गवताचा कल चेंडूला ओढतो आणि तो कल वाचता येणं हा कसलेल्या खेळाडूंच्या कौशल्याचा भाग मानला जातो. आईला ते पाच-सहा वर्षं गवतावर अनवाणी बसून कळलं होतं. त्याबद्दल तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी थोडा उजवीकडून मारला. चेंडू वळला, डब्याच्या कडेला लागला आणि आत पडला. पोरींनी एकच गलका केला. त्यांतली एक, जी घरी गेल्यावर धरणावर कणसं विकायला बसते, ती माझ्या हातातला पटर घेऊन थेट आईकडे गेली.

"आज्जी, मला पण सांगा ना, कुठनं मारू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.